शाळेच्या मैदानातलं पेव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढला आहे. बोलताना गडबडीत जे एक-दोन तपशील राहून गेले, ते यात घातले आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की नोकरीतले अनुभव सांग. मी तेहतीस वर्षं धान्याच्या गोदामांत काढली. पोती, थप्प्या, सोंडे, पोरकिडे, उंदीर आणि ओलावा मोजायचं यंत्र, एवढंच माझं जग. त्यात हशा पिकवण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून मी विषय थोडा जवळचा घेतला आहे. या मंडपाच्या उजव्या अंगाला, जुन्या चिंचेच्या पुढं, जी चौकोनी फरशी मातीत अर्धी गाडली गेली आहे, तिच्याखाली काय आहे त्याबद्दल बोलतो.

आठवतं का बघा, खो-खो खेळताना त्या बाजूला खांबाला वळसा घालून पळालं की पायाखाली धप्प असा पोकळ आवाज यायचा. मुली तिकडं पाळी घ्यायला नाही म्हणायच्या. खाली भूत आहे असं आपण पाचवीतल्या पोरांना सांगायचो. खाली पेव आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मराठीच्या सरांनी एकदा 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरायला सांगितला होता. तिसऱ्या बाकावरच्या एकानं लिहिलं होतं, 'निवडणूक आली की आमच्या गावात पुढाऱ्यांचे पेव फुटते.' सरांनी त्याला दहापैकी दहा दिले आणि वही स्टाफरूममध्ये फिरवली. पण आज शाळेतल्या मुलांना विचारलं तर वाक्प्रचार येतो, पेव म्हणजे काय ते सांगता येत नाही. माझ्या नातवाला वाटलं, पेव म्हणजे फुगा. फुटतो म्हणून.

तर पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस खांदे आखडून उतरेल एवढंच. आत गेलं की पोट सुटत जातं, रांजणासारखं. आमच्या घराचं पेव बारा-तेरा फूट खोल होतं आणि त्यात सुमारे दहा खंडी ज्वारी मावायची. ते खणायचं कुठं, याचा नियम होता. पिकवायचं काळीत, साठवायचं पांढरीत. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती धान्य सांभाळू शकत नाही. गावठाणाची पांढरी माती, खाली घट्ट मुरूम आणि जागा चढाची, म्हणजे पाणी उभं राहणार नाही. म्हणून जुन्या गावांत पेवं चावडीजवळ, वाड्यांच्या अंगणात, देवळाच्या मागं सापडतात. शेतात सहसा नाही.

भरायच्या आधी आत शेणी पेटवून भिंती शेकायच्या. मग तळाला आणि कडेनं कडबा नि भुसकट यांचा जाड थर. रब्बीची ज्वारी खळ्यावरून आली तरी लगेच ओतायची नाही. चैत्राच्या उन्हात आणखी वाळवायची. आमची आजी दाणा दाताखाली घ्यायची. कट्कन फुटला तर भरा, चेपला तर थांबा. पुढं नोकरीत मला ओलावा मोजायचं यंत्र मिळालं, पण आजीचा दात आणि ते यंत्र यांच्यात भांडण झालेलं मला आठवत नाही. गळ्यापर्यंत ज्वारी भरली की वर पुन्हा भुसकट, मग शिळा, सांधे शेणमातीनं लिंपलेले आणि त्यावर मातीचा उंचवटा, पाणी ओघळून जावं म्हणून. पावसाळा संपला की आजोबा फक्त त्या उंचवट्याकडं बघत. तो खचला असेल तर पाणी आत गेलं. नसेल तर वर्षभर त्या पेवाचं नाव काढायचं नाही.

आता हे टिकतं कसं? आत काही औषध नाही, धुरी नाही. दाणा वाळलेला असला तरी जिवंत असतो, तो हळूहळू श्वास घेतो. त्याच्याबरोबर आत गेलेले किडेही श्वास घेतात. तोंड बंद असल्यामुळं प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू साठत जातो. एका टप्प्यावर किडे मरतात. म्हणजे किड्यांनीच स्वतःची हवा संपवलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्जेंटिनात निर्यात अडली आणि धान्याचे डोंगर साठले, तेव्हा त्यांनी जमिनीखाली हवाबंद कोठारं बांधली, ती याच तत्त्वावर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं आफ्रिकेतल्या चवळी पिकवणाऱ्यांसाठी तीन थरांच्या हवाबंद पिशव्या तयार केल्या, त्याही याच तत्त्वावर. आम्हाला प्रशिक्षणात त्या पिशवीची फिल्म दाखवली, तेव्हा मी मागच्या रांगेतून म्हणालो, 'हे आमच्या शाळेच्या मैदानात आहे.' प्रशिक्षक हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

पेवाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी पण 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसेन. कडेचा आणि वरचा थर हमखास ओल धरायचा, काळा पडायचा. आतल्या ज्वारीला एक कुबट वास लागायचा. पेवातल्या ज्वारीची भाकरी आम्ही पोरं तोंड वाकडं करून खायचो. आणि ते बियाणं म्हणून चालत नसे, कारण बऱ्याच दाण्यांची उगवण मेलेली असे. बियाण्याची ज्वारी वेगळी, कणगीत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. पेव चांगल्या दिवसांसाठी नव्हतंच. ते वाईट वर्षासाठी होतं.

ही पद्धत किती जुनी आहे? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. त्या घरांमध्ये आणि घरांजवळ धान्य साठवायचे खड्डे होते, काहींना आतून चुन्याचा लेप होता. कणगी ठेवायचे मातीचे गोल ओटेही सापडले. म्हणजे पेव आणि कणगी ही जोडी तेव्हाही होती. आपल्या बाजूला तर दामाजीपंतांची गोष्ट कीर्तनात ऐकतच आपण मोठे झालो. मंगळवेढ्याचं सरकारी कोठार दुष्काळात त्यांनी लोकांसाठी उघडलं. विठू महार झालेल्या पांडुरंगानं हिशोब चुकता केला, हा भाग कीर्तनकार रंगवून सांगतात. मी नोकरीत लागल्यावर मला त्या गोष्टीतला पहिलाच भाग जास्त मोठा वाटायला लागला. कोठाराची किल्ली हातात असणं आणि ते उघडणं. ते आपल्याकडं क्वचित घडतं.

माझी पहिली नेमणूक सांगलीला झाली. तिथं मला पेवांचं दुसरंच रूप बघायला मिळालं. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. 'शारदा' नाटक लिहिणारे देवल त्या गावचे. त्या गावात हळदीची पेवं, एकाशेजारी एक, शेकड्यांनी. वीस-पंचवीस फूट खोल. तिथली माती इतकी चिवट की नदी हाकेच्या अंतरावर असूनही पाणी आत झिरपत नाही. उघड्या रानातून चालताना जागोजागी नुसते उंचवटे दिसायचे, आणि प्रत्येकाखाली कुणाची तरी दोन-तीन वर्षांची हळद. वर राखण करायला फार माणसं नव्हती. वीस फूट खोलातून पोती काढायला टोळी लागते, चोराला ते परवडत नाही. तिथले व्यापारी सांगायचे की पेवातली हळद बाहेर येते तेव्हा वजनाला थोडी जास्तच भरते आणि रंगही चढलेला असतो.

मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. हळद तर कंद. कंद जमिनीत कोंडला तर कुजायला हवा. एका म्हाताऱ्या हमालानं उत्तर दिलं, 'साहेब, आम्ही मेलेली हळद ठेवतो.' आणि खरंच आहे. हळद काढली की ती कढईत शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस वाळवतात, मग घासून चकाकी आणतात. शिजवल्यावर कंद मरतो. वाळलेल्या हळकुंडाला श्वास नाही, म्हणून त्याला हवाबंद पेव चालतं. पण पुढच्या लागवडीचे जेठे गड्डे कुणी पेवात कोंडत नाही. ते सावलीत, ढीग करून, वर हळदीचा पाला टाकून ठेवतात. त्यांना हवा लागते.

हे मला पुढं फार उपयोगी पडलं. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यू फाउंडलंडमध्ये एलिस्टन नावाचं गाव आहे. टेकड्यांच्या पोटात दगड रचून तिथल्या लोकांनी बटाटे, गाजरं, सलगम ठेवायची तळघरं बांधली आहेत. सव्वाशेहून अधिक आहेत आणि काही एकोणिसाव्या शतकातली. आपली एक वर्गमैत्रीण मुलाकडं कॅनडात असते. तिनं फोटो पाठवून विचारलं, 'हे आपलंच पेव ना रे?' मी म्हणालो, दिसायला भाऊ, स्वभावाला उलटा. त्यांचा बटाटा जिवंत असतो. त्यांना तो गोठू द्यायचा नसतो आणि कोंबही येऊ द्यायचे नसतात. म्हणून तिथं दार असतं, हवा खेळती ठेवतात, रोज कुणीतरी आत जाऊन टोपलीभर घेऊन येतं. पेवात रोज जाता येत नाही. पेव एकदा उघडलं की उघडलं. आणि पेवात हवा नसते.

हरिपूरची पेवं २००५ च्या महापुरात बुडाली. मातीतून जे पाणी कधी आत आलं नव्हतं ते वरून, तोंडातून आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. मानांकन आलं आणि पेवं गेली. आता हळद गोदामात आणि शीतगृहात असते, आणि व्यापाऱ्यांना मी दोष देणार नाही. बुडालेली हळद बघितलेला माणूस पुन्हा नदीकाठी खड्ड्यात माल ठेवणार नाही.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. याला वेळ लागेल, पण घंटा वाजवू नका.

पेव उघडायचा एक नियम आहे. सकाळी शिळा काढायची आणि त्या दिवशी कुणीही उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत तळापर्यंत तेवत राहिली तर माणूस उतरेल. मंदावली किंवा विझली तर पुन्हा थांबायचं. सुपानं वारा घालायचा, झाडाच्या ओल्या फांद्या दोरीनं वर-खाली करायच्या, आणि पुन्हा कंदील सोडायचा. आपल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. तो १६-१७ च्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस बेशुद्ध पडायला तो आणखी खाली यावा लागतो. म्हणजे ज्योत माणसाच्या आधी मरते, म्हणून ती आधी पाठवायची. आज मी कुणालाही कंदिलावर विसंबून उतरू देणार नाही, वायू मोजायचं यंत्र मिळतं. पण तेव्हा कंदील होता, आणि तो पुरेसा होता.

१९७३ चा वैशाख. लागोपाठ तिसरं वर्ष पावसानं दगा दिलेला. आपण चौथीत होतो. गाव खडी फोडायला जात होतं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो खात होतं, शाळेत सुकडी मिळायची. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी तेव्हा ज्वारी नव्हती. आमच्याकडं होती. १९७० च्या सुगीत भरलेलं पेव तसंच होतं. आजोबांना ते दिवसा उघडायचं नव्हतं. लेव्हीची भीती होती हे खरं, पण ती सबब होती. मोठी भीती ही की गाव बघेल आणि मागेल.

म्हणून दिवस मावळल्यावर शिळा काढली आणि रात्री दहा-साडेदहाला सालगड्याला उतरायला सांगितलं. ते म्हणाले, 'मालक, उद्या उतरतो.' आजोबा म्हणाले, 'उद्या सगळं गाव इथं असंल.' ते उतरले. दोन-तीन घमेली वर आली. मग दोरी हलेना. हाक मारली, उत्तर नाही. माझा चुलता कमरेला दोर बांधून उतरला, त्याला अर्ध्यातच ओढून घ्यावं लागलं. तो शुद्धीवर आला. सालगडी आले नाहीत.

कंदील तिथं होता. तो माझ्या हातात होता. उजेड लांब दिसू नये म्हणून वात बारीक करून, पदराआड धरावा तसा सदऱ्याआड धरून मी उभा होतो. नऊ वर्षांचा. दोरीही होती. कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा हे आजोबांना माहीत नव्हतं असं नाही. मला तो नियम त्यांनीच पुढं कधीतरी सांगितला, अगदी शांतपणे, जसा मी तुम्हाला आत्ता सांगितला.

गावात सांगितलं गेलं की पाय घसरून पडले. कागदावरही तसंच आलं. मीही तसंच सांगत आलो. पेवातली ज्वारी दुसऱ्या दिवशी उजेडात काढली, आणि तेव्हा गाव आलं, पण कुणी काही मागितलं नाही. आजोबांनी दोन पोती त्यांच्या घरी पाठवली. त्यांच्या बायकोनं ती ठेवून घेतली. परत पाठवण्यासारखे दिवसच नव्हते. चौदाव्याला त्या पुन्हा खडीवर गेल्या.

दोन वर्षांनी आजोबांनी ती जागा, पेवासकट, शाळेला दिली. कार्यालयात शिरताना डाव्या हाताला जी संगमरवरी पाटी आहे, तीवर त्यांचं नाव आहे. आज सकाळी तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या पाटीसमोर माझ्याबरोबर फोटो काढले.

आठवीत विज्ञानाच्या बाई नवीन आल्या होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कर्बवायू शिकवताना कुणीतरी त्यांना पेव दाखवलं, आणि त्यांना आनंद झाला, प्रयोगशाळेत चंचुपात्रं नव्हती आणि मैदानात एवढं मोठं पात्र! शिपाई आणि चार पोरांनी शिळा सरकवली. आत जुना कडबा कुजत पडलेला. सगळा वर्ग कडं करून उभा. बाईंनी कंदील सोडला. सात-आठ फुटांवर ज्योत निळसर झाली, लहान झाली, विझली. बाई म्हणाल्या, 'बघा, कर्बवायू हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साठतो. इथं आता माणूस उतरला तर काय होईल?'

वर्गात एकदम शांतता. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचे वडील तिथं गेले. तो माझ्या शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, 'बाई, आधी कंदील सोडला असता तर कळलं असतं का?' बाई म्हणाल्या, 'हो, म्हणूनच तर सोडायचा.' तो काही बोलला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. मी पेवात बघत राहिलो.

बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना हे मागच्या महिन्यात मी घरी जाऊन सांगितलं. त्या खूप वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, 'मी तेव्हा त्याला उत्तर द्यायला नको होतं का?' मी म्हटलं, बाई, तुम्ही दिलंत ते एकच उत्तर त्याला मिळालं. बाकी आम्ही कुणीच दिलं नाही.

आणि तोही आज इथं आहे. त्याला विचारल्याशिवाय मी हे बोलत नाही. त्याच्या घरी मी गेलो तेव्हा पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आईच्या फोटोसमोर बसलो. मी सगळं सांगितलं, कंदिलासकट. तो म्हणाला, 'ठाऊक होतं मला. आईला पण होतं. तू सांगतोस का कधी, एवढंच बघत होतो.' मग त्यानं चहा सांगितला. मी विचारलं, पाटी काढायला सांगू का? तो म्हणाला, 'पाटीचं राहू दे. माझ्या बापाचं नाव त्या पाटीशेजारी नको. झाकण नीट बसव. पोरं खेळतात तिथं.'

आता कामाचं. आपल्या बॅचनं वर्गणी काढून सभागृह बांधायचं ठरवलंय. नकाशा मी बघितला. रंगमंच बरोबर त्या फरशीवर येतो आणि पेव मुरूम टाकून बुजवायचं ठरलं आहे. माझी विनंती आहे की सभागृह पंधरा फूट पूर्वेला सरकवावं. चिंचही वाचेल. इंजिनिअर असलेल्या आपल्या मित्रानं सांगितलं की पाया पोकळीपासून दूर गेला तर खर्च वाढत नाही, उलट भराव वाचतो. पेवाच्या तोंडाला दगडी कठडा आणि वर लोखंडी जाळीचं, कुलपाचं झाकण, त्याचा सगळा खर्च माझा. किल्ली मुख्याध्यापकांकडं. माहितीफलक लावायचा की नाही आणि त्यावर काय लिहायचं, ते मी ठरवणार नाही. ते त्यानं ठरवायचं, आणि तो म्हणाला आहे की सवडीनं सांगेन.

शाळेतल्या आठवीच्या मुलांना मी गेल्या आठवड्यात पेवाबद्दल सांगितलं. एका मुलीनं विचारलं, आता सगळं रेशनवर मिळतं तर पेव कशाला हवं? मी तिला इनामगाव सांगितलं, हरिपूर सांगितलं. तिला फारसं पटलं नाही. पण कंदिलाचं ऐकल्यावर ती म्हणाली, आम्हाला दाखवा.

म्हणून आज हुरडा आणि जेवण झालं की चार वाजता आपण शिळा काढणार आहोत. आठवीची मुलं येणार आहेत. कठड्यापाशी दोर लावला आहे, त्याच्या आत कुणी जायचं नाही, आणि खाली कुणीही उतरणार नाही, हे विशेषतः मागच्या बाकावरच्यांना सांगतोय. तुमची वयं साठीच्या पुढं गेली तरी मला तुमची खात्री नाही.

कंदील मी घरून आणला आहे. तोच आहे, काच फक्त नवीन. बाई दोरी धरतील, आणि त्यानं सांगितलंय की वात तो लावेल.